कोपऱ्यातली घसरगुंडी

"बाई, त्या कोपऱ्यात पोराले जाऊ देऊ नका. खाली विहीर हाय."

देवाजीनं हे सांगितलं तेव्हा मे महिना निम्मा सरला होता. संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले तरी बाकाची लोखंडी पट्टी चटके देत होती, आणि मोनाली बाकाखाली वाकून प्रशिकच्या बाटलीचं झाकण शोधत होती. तिनं मान वर न करता "बरं" म्हटलं. दारावर आलेल्या सेल्समनला म्हणतात, तसलं बरं.

म्हातारा हलला नाही. "बुजवली नाही जी तिले, झाकली हाय नुसती. सागाचे वासे टाकले, त्याच्यावर टिना, मंग माती. मीच होतो टाकाले. लाकूड किती दिवस टिकन?"

"सेक्रेटरींना सांगा ना तुम्ही."

"सांगतलं. ते म्हंते, पिऊन आला काय बे."

मोनालीला झाकण सापडलं. ती उठली आणि प्रशिकला हाक मारत झोक्यांकडे निघून गेली.

नागपूरच्या बाह्य रिंगरोडच्या पलीकडची ही फ्लॅट स्कीम, नाव ग्रीन अंगण. आठ वर्षांपूर्वी इथं तूर आणि कापूस होता. आता चार बिल्डिंगा, मध्ये एक बगीचा, आणि कंपाउंडच्या मागे अजून खुंट्या ठोकलेले प्लॉट. दर सहा महिन्यांनी तिकडे एक नवी बिल्डिंग उगवायची, आणि बगीच्यात चार नवी पोरं वाढायची. देवाजी त्याच शेतावर सव्वीस वर्षं सालदार होता. शेत विकलं गेलं, मालक शहरात राहायला गेला. देवाजी आणि त्याची बायको तुळसाबाई मागच्या प्लॉटवर टिनाच्या शेडमध्ये चौकीदार म्हणून राहिली. रोज पाच वाजले की म्हातारा कंपाउंडच्या फटीतून आत यायचा, कोपऱ्यात पोतं टाकून बसायचा, आणि पोरं जवळ आली की काठी उचलून "हट्ट! तिकडं खेळा!" म्हणून हाकलायचा.

मोनाली शिकलेली बाई होती. बी.एस्सी. केलेलं, प्रशिक होईपर्यंत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीही. मूल झाल्यापासून मात्र तिला सगळीकडे धोकेच दिसायचे. द्राक्ष उभं चिरून द्यायची. कुलर चालू असला की प्रशिकला त्याच्या दोन हात लांब बसवायची, करंट येतो म्हणून. नवरा प्रीतम बुटीबोरीच्या सूतगिरणीत दुपारपाळीला, घरी यायला बारा वाजायचे. तेव्हा संध्याकाळचा बगीचा म्हणजे एकटीची ड्यूटी. "तू पोराले खेळवून राहिली का पहारा देऊन राहिली वं?" असं तिची शेजारीण रितिका तिला चिडवायची.

अशा बाईनं विहिरीचं ऐकून सोडून दिलं कसं? पूर्ण सोडलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं सेक्रेटरी वामनरावांना लिफ्टपाशी गाठून विचारलं. वामनराव सरकारी खात्यातून रिटायर झालेले, बोलताना चष्मा कपाळावर सरकवायचे.

"मॅडम, मंजूर नकाशा माझ्या कपाटात आहे. त्यात विहीर दाखवा, मी आजच राजीनामा देतो. अहो, त्या म्हाताऱ्याला फुकट बसायला सावली पाहिजे. तुम्ही पण ना!"

नकाशा म्हटल्यावर मोनालीला पटलं. छापलेल्या कागदावर तिचा विश्वास होता.

आणि खरं सांगायचं तर कारण तेवढंच नव्हतं. त्याच आठवड्यात म्हाताऱ्यानं प्रशिकला नाव विचारलं. नाव ऐकून त्याचा सुरकुतलेला चेहरा एकदम उजळला. मोनालीकडे वळून तो मोठ्यानं म्हणाला, "प्रशिक! म्हणजे आपलंच लेकरू. जय भीम, पोरी!"

"जय भीम," मोनाली म्हणाली, पण दबक्या आवाजात. रितिका दोन पावलांवर उभी होती. लपवण्यासारखं काही नव्हतं. घरात शिरल्याशिरल्या समोर बाबासाहेबांचा फोटो आहे, रितिका तो रोज बघते. पण गुडघ्यापर्यंत मळकं धोतर नेसलेल्या, काठी उगारून लोकांची पोरं हाकलणाऱ्या माणसानं चारचौघांत आपल्याला त्याच्यातलंच धरावं, हे तिला टोचलं. घरी गेल्यावर तिला स्वतःचीच चीड आली. मग ती चीड फिरून म्हाताऱ्यावरच गेली.

दोन दिवसांनी तिनंच बाल्कनीतून झूम करून त्याचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. 'एक अनोळखी वृद्ध इसम रोज संध्याकाळी मुलांकडे एकटक बघत बसतो. काठी दाखवतो. सुरक्षेच्या दृष्टीने योग्य ती दखल घ्यावी.' अर्ध्या तासात चौतीस अंगठे आले. 'थँक्स मोनाली, किती दिवसांपासून बोलायचं होतं.' 'आजकाल कोणाचा भरोसा नाही.' संध्याकाळी गार्ड शालिकराम त्याला काढायला गेला. गेटपाशी थोडी ओढाताण झाली म्हणतात. मोनाली तेव्हा वर पोळ्या करत होती.

त्यानंतर म्हातारा दिसला नाही. कंपाउंडची फट विटांनी बुजवली. जूनमध्ये ग्रुपवर मतदान झालं, नवी घसरगुंडी कुठं बसवायची? कोपरा तर रिकामाच झाला होता. मोनालीनं कोपऱ्यालाच मत दिलं. तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून कोपरा सरळ दिसतो.

ऑगस्टचा दुसरा आठवडा. चार दिवस पाऊस नुसता कोसळला आणि पाचव्या दिवशी दुपारी उघडला. चार दिवस घरात कोंडलेली पोरं पाच वाजताच खाली सुटली. बगीच्यात जिकडे तिकडे डबकी. काळी माती पायाला लोण्यासारखी चिकटत होती, झोक्यांखाली तर तळंच साचलेलं. कोरडा होता तो फक्त कोपरा. सगळी पोरं तिकडे धावली, आणि आयांनाही ते बरंच वाटलं, कपडे तेवढे कमी भरतील.

मोनाली बाकाशी उभी होती, बसायला बाक ओला. तिथून कोपरा वीसेक पावलांवर. प्रशिक घसरगुंडीच्या शिडीवर चढत होता.

'तिथंच काहून कोरडं आहे?' तिच्या मनात आलं.

आधी सहजच आलं. चार दिवस पाऊस सगळीकडे सारखाच पडला. उतार म्हणावा तर कोपऱ्याकडेच. मग तिकडचं पाणी गेलं कुठं? ती चालत पुढे गेली. वाटेतल्या डबक्यातून पाण्याची एक बारीक धार गवतातून कोपऱ्याकडे निघाली होती. धार घसरगुंडीच्या मागच्या पायापाशी पोचत होती आणि तिथंच नाहीशी होत होती. एक पिवळं पान धारेसोबत वाहत आलं, पायाशी दोनदा गरकन फिरलं आणि जमिनीत गेलं.

मोनाली थांबली. तिच्या चपलेच्या पुढे चार बोटांवर जमिनीला भेग होती. बैलगाडीच्या चाकासारखी गोल भेग, डावीकडून निघून घसरगुंडीला वळसा घालत कंपाउंडपर्यंत गेलेली.

काळ्या मातीला भेगा पडतातच, नागपुरात हे कोणीही सांगेल. पण पडतात त्या उन्हाळ्यात. माहेरी त्यांच्या मातीच्या घराची भिंत मे महिन्यात अशी फाटायची की आई त्या फटीत कंगवा खोचून ठेवायची, आणि पावसाळ्यात माती फुगली की त्याच फटीत नखसुद्धा जायचं नाही. भरल्या ऑगस्टात काळ्या मातीला भेग पडत नाही. खालून आधार सुटला तरच पडते.

तिनं पोरं मोजली. सात. घसरगुंडीच्या माथ्यावर प्रशिक, शिडीवर मिनल आणि तिच्या खाली ऋषिकेश. सगळ्यांत मोठा ऋषिकेश, दहा वर्षांचा आणि अंगानं भरलेला. खाली गवतात रितिकाची चार वर्षांची वैभवी, आणि बी विंगमधली तीन पोरं एकमेकांवर उड्या मारत होती. प्रत्येक उडीला मोनालीला तळपायात काहीतरी जाणवत होतं. रिकाम्या ड्रमवर कोणी थाप मारावी तसं.

ओरडावं? ओरडलं तर सातही एकदम उडी मारून धावतील. धावत आत जावं? तिचं वजन छप्पन्न किलो.

तिच्या तोंडातून जे निघालं त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. खेळताना मोठ्या माणसाचा जसा निघतो, तसा तो हसरा, खणखणीत आवाज होता.

"स्टॅच्यू!"

सातही पोरं जागच्या जागी गोठली. एकाचा पाय हवेत, तो त्यानं हळूच टेकला.

"काकू, तुम्ही पण खेळता?" ऋषिकेश ओठ न हलवता बोलला.

"बोलला तो आऊट! आज नवा नियम आहे. ज्याचं नाव घेईन, त्यानं मांजरीसारखं माझ्याकडे यायचं. पावलाचा आवाज झाला नाही पाहिजे. आवाज झाला की आऊट. सगळ्यांत हळू येईल त्याला..." काय द्यावं ते तिला सुचेना. "त्याला माझ्या मोबाईलवर अर्धा तास गेम."

प्रशिकचे डोळे चमकले. एरवी त्याला दहा मिनिटंही मिळत नसत.

तिच्या ओठांवर त्याचंच नाव होतं. जिभेनं नुसतं हलायचा अवकाश. पण तो माथ्यावर होता, त्याच्या खाली शिडीवर दोघं, आणि शिडी त्या मागच्या पायावर. त्याला आधी बोलावलं तर तो घसरून धाडकन खाली आदळणार, नाहीतर शिडीवरच्या दोघांच्या अंगावरून उतरणार. नाही. तिनं नाव गिळलं.

"वैभवी. ओव्हर. मांजर कशी चालते गं?"

वैभवी चवड्यांवर आली. भेगेपाशी मोनालीनं तिला काखेत धरून उचललं आणि मागे ठेवलं. "आता त्या बाकाला हात लाव आणि तिथंच स्टॅच्यू." मग बी विंगची तिघं, एकेक करून. तिसऱ्याला हसू फुटलं आणि तो जागच्या जागी उड्या मारू लागला.

"आऊट करीन हं!" ती म्हणाली. तो थांबला. भेगेच्या कडेचं एक ढेकूळ सुटून आत पडलं. ती वाट बघत राहिली. जरा वेळानं खालून 'डुब्' असा आवाज आला.

"काय वं मोनाली, काय चालू आहे तुमचं?" रितिका मोबाईल हातात घेऊन मागून येत होती. "मले पण घ्या ना खेळात!"

"रितिका," मोनाली मान न वळवता म्हणाली. आवाज तसाच हसरा ठेवायला तिला जबडा आवळावा लागत होता. "तू पण स्टॅच्यू. खरोखर. एक पाऊल पुढे टाकू नको. शालिकरामला फोन लाव, दोर घेऊन ये म्हणावं. हळू बोल."

रितिकानं तिच्या पायाजवळ बघितलं. भेग दिसली की काय, तिनं तोंडावर हात घेतला आणि वैभवीला पोटाशी ओढलं. हुंदका तेवढा बाहेर येऊ दिला नाही.

"ऋषिकेश. ओव्हर. शिडीवरून उडी नाही मारायची. एक एक पायरी."

ऋषिकेश आता खेळत नव्हता. मोठा होता, त्याला कळलं होतं. शेवटच्या पायरीवरून त्यानं पाय खाली टेकवला तशी शिडी वीतभर कलली आणि वरून मिनल किंचाळली.

"मिनल, माझ्याकडे बघ. खाली नको बघू. ऋषी, तू ये. शाब्बास. ये."

तो आला. जराही आवाज न करता आला. मागून मिनल उतरली, गवतावर बसली आणि तशीच बसून सरकत सरकत आली. तिला कोणी शिकवलं नव्हतं. मोनालीनं तिला ओढून घेतलं.

राहिला प्रशिक.

तो अजून स्टॅच्यूच होता. दोन्ही हात वर, एक डोळा मिटलेला, जसा गोठला होता तसाच. गेम जिंकायचा होता त्याला. घसरगुंडीचं तोंड मोनालीकडे होतं, जेमतेम भेगेच्या आत. शिडीकडून आता येता येणार नव्हतं.

"प्रशिक. बाळा, ओव्हर. पण तुला सगळ्यांत कठीण यायचं आहे. पोटावर झोप. पाय माझ्याकडे. दोन्ही कडा धर आणि अगदी हळू."

"गोगलगायीसारखं?"

"गोगलगायीसारखं."

तो पोटावर झोपला. त्याचे बूट कडेला घासत खाली येऊ लागले. अर्ध्यावर आला आणि मागच्या पायाखालची जमीन बसली. मोठा आवाज झाला नाही. भिजलेली कणीक बोटानं दाबावी तशी ती बसली. मागचा पाय आत गेला आणि पुढचं तोंड वर उचललं गेलं. प्रशिक तिच्याकडे घसरायच्या ऐवजी उलटा, माथ्याच्या बाजूला जाऊ लागला.

"आई!"

मोनालीनं भेग ओलांडून आत एक पाय टाकला. किती वजन, कुठं, काही मनात आलं नाही. एक बूट हाताला लागला, तो निघून आला. दुसऱ्या हातात पोटरी आली. ती मागे कोसळली, प्रशिक तिच्या छातीवर, आणि कोणीतरी, बहुतेक रितिकानं, तिला खांद्याला धरून चिखलातून मागे फरफटत नेलं. समोर निळी-पिवळी घसरगुंडी सरळ उभी राहिली, क्षणभर तशीच थांबली आणि गवतासकट जमिनीत उतरली. खालून पाण्याचा आवाज आला तेव्हा वरची माती अजून पडतच होती.

"मी सगळ्यांत हळू आलो नं?" प्रशिकनं विचारलं. त्याची हनुवटी फुटून रक्त येत होतं.

अग्निशमनवाले आले, दोर बांधले, वजन बांधलेली दोरी आत सोडून खोली मोजली. बावन्न फूट, त्यात तीस फूट पाणी. कुजलेल्या वाशांची टोकं कडेनं दाढांसारखी दिसत होती. वामनराव चष्मा कपाळावर घेऊन उभे होते, तो डोळ्यांवर घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. नंतर त्यांनीच ग्रुपवर लिहिलं, 'मोनाली मॅडमच्या प्रसंगावधानामुळे सात मुलांचे प्राण वाचले.' फुलं आली, हात जोडलेले आले.

मोनालीनं खाली लिहिलं, 'मला हे देवाजींनी मे महिन्यात सांगितलं होतं. विहिरीसकट. मी त्यांनाच हाकलायला लावलं.'

पाच मिनिटांत ॲडमिननं मेसेज काढून टाकला. वामनरावांचा फोन आला. "मॅडम, भावना समजतो. पण हे बाहेर गेलं तर स्कीमचं नाव खराब होईल. आणि तुमचंही."

"माझं व्हायलाच पाहिजे ना, काका?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रशिकला प्रीतमजवळ सोडून ती मागच्या प्लॉटवर गेली. देवाजीच्या शेडला कडी होती. शेजारच्या शेडमधली बाई चुलीवर भात शिजवत होती. तिनं मोनालीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमीच का त्या फोटोवाल्या?"

"हो."

"बसा." बाईनं पाटही दिला नाही, पण बसा म्हणाली. "गेटावर ढकललं त्याले. वॉचमननं. फरशीवर पडला, कंबरेचं हाड गेलं. धंतोलीले दवाखान्यात नेलं होतं, डॉक्टर म्हणे ऑपरेशन करा लागते. म्हातारा आयकेच ना. म्हणे, मी इथं पडून राहीन तं कोपऱ्यात कोण बसन? तुळसाबाईनं लय समजावलं. पंधरा दिवस खाटेवर पडून, जो भेटन त्याले तेच सांगे. मंग पोरगी आली आन् घेऊन गेली दोघायले."

"कुठं?"

"पारशिवनीच्या पुढं, कालव्याच्या अंगानं. गावाचं नाव नाही आठवत मले. फोन लावून पायला, बंद येते."

भात उतू गेला, बाईनं झाकण काढलं, आणि मग ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "तुमचं पोरगं वाचलं नं?"

"वाचलं. सगळीच."

"मंग सांगा त्याले जाऊन. नाही तं तो तिकडंच झुरून मरन."

रविवारी प्रीतम आणि मोनाली मोटरसायकलवरून पारशिवनीला गेली. कालव्याच्या काठाची तीन गावं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी विहाराजवळ थांबून विचारलं, किराणा दुकानात विचारलं. देवाजी नावाचे दोन भेटले, दोन्ही दुसरेच. चौथ्या गावाच्या अलीकडे पाऊस लागला. घरी प्रशिक एकटा रितिकाकडे होता, म्हणून परत फिरावं लागलं. पुढच्या रविवारी प्रीतमची पाळी आहे. ती मधल्या वारी एसटीनं जाणार आहे. पण गावं पुष्कळ आहेत आणि कंबर मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला किती रविवार असतात, हे ती कोणाला विचारत नाही.

म्हणून आता जो भेटेल त्याला ती सांगते आहे. भाजीवाल्याला, प्रशिकच्या शाळेच्या बसवाल्याला, लॅबमधल्या जुन्या मैत्रिणींना. तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. पारशिवनीकडे जाणं होणार असेल, तुमचं कोणी तिकडे राहत असेल, तर कालव्याच्या अंगाच्या गावांमध्ये जरा विचारा. लेकीकडे राहायला आलेला म्हातारा, बायको तुळसाबाई, बोलताना शेवटी 'जी' लावतो, खाटेवर असेल. बरा आहे का बघा. औषध कोण देतं, उठून बसता येतं का, तेही बघा. आणि त्याच्या कानाशी वाकून सांगा की सातही पोरं वर आहेत. फोन लागत असेल तर मोनालीला लगेच लावून द्या. नाही लागला, तर गावाचं नाव तेवढं कळवा. बाकी ती येईल.